श्रेयनामावलीत नसलेला माणूस: चार्ल्स लेनची चित्रपटसूची कशी करायची

'इट्स अ वंडरफुल लाइफ' या १९४६च्या चित्रपटात तीन चार्ल्स आहेत आणि तिघेही हिशेबाच्या कागदांभोवती वावरतात. घरकर्ज देणाऱ्या बिल्डिंग अँड लोन या संस्थेच्या कचेरीतला युस्टेस म्हणजे चार्ल्स विल्यम्स. नाताळच्या तोंडावर वह्या तपासायला येणारा बँक-तपासनीस म्हणजे चार्ल्स हॉल्टन. आणि गावातल्या लोभी, म्हाताऱ्या धनाढ्य पॉटरसमोर उभा राहून, नायक जॉर्ज बेलीच्या बेली पार्क या वस्तीत घरं कशी उठताहेत ते तोंडावर सांगणारा त्याचा वसुलीवाला म्हणजे चार्ल्स लेन. हे तिघे ज्याला झोपेतून उठवून विचारले तरी वेगळे सांगता येतील, त्याने खुशाल लेनची सूची हाती घ्यावी. बाकीच्यांनी आधी खालची तयारी करावी, नाहीतर दहाव्या नोंदीपर्यंतच हॉल्टनच्या दोन भूमिका लेनच्या नावावर जमा झालेल्या असतात.

लेनचा जन्म २६ जानेवारी १९०५, सॅन फ्रान्सिस्को. मृत्यू ९ जुलै २००७, वयाच्या १०२व्या वर्षी. विमा विकणारा तरुण, नट-दिग्दर्शक इर्व्हिंग पिचेलच्या सल्ल्यावरून नाटकाकडे वळलेला, पॅसाडीना प्लेहाउस या नाट्यगृहात तयार झालेला. १९३१च्या 'स्मार्ट मनी'त तो हॉटेलचा कारकून आहे. तिथून पुढे पन्नासहून अधिक वर्षं कारकून, वकील, वार्ताहर, करवसुली अधिकारी, न्यायाधीश. नायक त्याच्या खिडकीशी येतो, लेन त्याला 'नाही' म्हणतो, नायक पुढच्या दृश्यात जातो. हॉलीवूडमधल्या चरित्र अभिनेत्याची सूची करायला शिकायचं तर याच्याइतका चांगला नमुना नाही, कारण ज्या ज्या ठिकाणी माणूस चुकतो ती सगळी ठिकाणं याच्या एकट्याच्या कारकिर्दीत सापडतात.

आधी नाव सोडवा

इंटरनेटवरची तयार यादी उतरवून घेणं ही सूची नव्हे. प्रत्येक ओळीला काहीतरी पुरावा हवा, आणि पुराव्याआधी हे ठरायला हवं की आपण नेमक्या कोणत्या चार्ल्स लेनबद्दल बोलतो आहोत. या नावाचे निदान तीन जण चित्रपटांत आहेत.

पहिला मूकपटांतला. जन्म १८६९, मृत्यू १९४५. १९२०च्या 'डॉक्टर जेकिल अँड मिस्टर हाइड'मधला डॉक्टर लॅनियन, १९२३चा 'द व्हाइट सिस्टर', १९२६चा 'द विनिंग ऑफ बार्बरा वर्थ' हे सगळं त्याचं. आपला लेन १९२० साली पंधरा वर्षांचा होता, तेव्हा इथे गोंधळ व्हायला नको. तरी होतो, कारण संगणक वय पाहत नाही, नाव पाहतो. तिसरा चार्ल्स लेन म्हणजे १९८९च्या 'साइडवॉक स्टोरीज'चा दिग्दर्शक आणि नायक. त्याची कारकीर्द आपल्या लेनच्या शेवटच्या वर्षांना चिकटून आहे, म्हणून ऐंशीच्या दशकाअखेरच्या नोंदी नुसत्या सालावरून वेगळ्या होत नाहीत. तिथे वय विचारायचं: त्या काळात आपला लेन ऐंशी ओलांडलेला होता.

साधा नियम असा ठेवा. १९२९पर्यंतची नोंद दिसली की ती मूकपटवाल्या लेनची समजून बाजूला काढा. आपल्या लेनची असेल तर तसं सिद्ध करणारा कागद किंवा चेहरा समोर यायला हवा.

उलट बाजूची चूक जास्त महाग पडते. लेनचं जन्मनाव चार्ल्स गेर्स्टल लेव्हिसन. १९३४च्या 'ट्वेंटिएथ सेंच्युरी'त त्याचं नाव चार्ल्स लेव्हिसन असंच आहे. गंमत अशी की त्या चित्रपटात त्याचं पात्र मॅक्स जेकब्स हेसुद्धा नाव बदललेला माणूस आहे, मूळचा मँडेलबाउम. म्हणजे १९३०च्या दशकाच्या सुरुवातीसाठी फक्त 'लेन' शोधत बसलात तर बऱ्या आकाराच्या भूमिकाच हातून सुटतात. दोन्ही नावं शोधा, शिवाय 'लेव्हिन्सन' हे चुकीचं रूपही शोधा. जुन्या छपाईत आणि स्कॅनवरून संगणकाने वाचलेल्या मजकुरात एक 'न' सहज घुसतो. 'चार्ली लेन'ही शोधा: 'इट्स अ वंडरफुल लाइफ'च्या नामावलीत तो चार्ली आहे, आणि पात्राचं वर्णन कुठे रिअल इस्टेट सेल्समन तर कुठे पॉटरचा भाडेवसुलीवाला असं सापडतं. दोन वर्णनं दिसली म्हणून दोन भूमिका धरू नका. आहे एकच दृश्य.

तक्ता आखताना

स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत एकच चित्रपट किंवा मालिकेचा एकच भाग. रकाने असे: मूळ नाव, चित्रीकरणाचा काळ, पहिलं प्रदर्शन, स्टुडिओ, दिग्दर्शक, पात्र, पडद्यावर छापलेलं नटाचं नाव (नसेल तर 'नाही'), दृश्य कुठे सुरू होतं, कुठे संपतं, कोणत्या प्रतीवर पाहिलं, पुरावा, दर्जा. बारा रकाने होतात. यातला 'कोणत्या प्रतीवर पाहिलं' हा रकाना लोक गाळतात आणि मग सहा महिन्यांनी त्यांची त्यांनाच वेळ जुळत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

चित्रीकरण आणि प्रदर्शन असे दोन रकाने का? फ्रँक कॅप्राचा 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' घ्या. विवाहनोंदणी कचेरीत फोटोच्या शोधात टपलेल्या वार्ताहरांत लेन आहे. चित्रपटाचं चित्रीकरण १९४१च्या अखेरीस झालं, पण ब्रॉडवेवरचं मूळ नाटक बंद होईपर्यंत तो दाखवायचा नाही असा करार होता, त्यामुळे तो थिएटरांत आला १९४४मध्ये. लेन दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या तटरक्षक दलात होता. फक्त प्रदर्शनाचं साल लिहिलंत तर तुमच्या सूचीत तो गणवेशात असताना कॅमेऱ्यासमोरही उभा असल्याचं दिसेल, आणि त्यावरून कुणीतरी पुढे निष्कर्ष काढेल. 'इट्स अ वंडरफुल लाइफ'चंही तसंच: न्यूयॉर्कला पहिला खेळ डिसेंबर १९४६मध्ये आणि सर्वत्र प्रदर्शन जानेवारी १९४७मध्ये, म्हणून दोन याद्यांत दोन सालं. एक नियम ठरवा, पहिल्या सार्वजनिक खेळाचं साल, आणि तोच शेवटपर्यंत चालवा.

दर्जाच्या रकान्यात तीनच अक्षरं पुरतात. 'अ' म्हणजे चेहरा आणि आवाज दोन्ही स्वतः पडद्यावर पाहिले-ऐकले. 'ब' म्हणजे चित्रपट पाहायला मिळाला नाही, पण त्याच काळातला कागद आहे. 'क' म्हणजे फक्त आजच्या एखाद्या यादीत नाव आहे. 'क'च्या ओळी पुसायच्या नाहीत, पण मोजायच्याही नाहीत. सूची सुरू करताना बहुतेक ओळी 'क'च असतात; त्याची लाज नको.

कागद कुठे मिळतात आणि कितपत खरे असतात

आयएमडीबी या चित्रपटांच्या माहितीच्या संकेतस्थळापासून सुरुवात करायला हरकत नाही, पण ती सुरुवातच. तिथली बिननावाच्या भूमिकांची माहिती वाचक-प्रेक्षकांनी भरलेली असते. तीच पुढे विकिपीडियावर जाते, तिथून मृत्युलेखात, आणि मृत्युलेखाचा दाखला घेऊन परत आयएमडीबीवर. तीन ठिकाणी सापडलं म्हणजे तीन पुरावे झाले असं समजू नका. विहीर एकच, बादल्या तीन.

त्यानंतर अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचा कॅटलॉग, जो संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. प्रत्येक चित्रपटाखाली टिपा असतात आणि खरी कमाई त्या टिपांत असते: एखादं नाव चित्रीकरणाच्या काळातल्या बातमीत आहे, पण अंतिम चित्रपटात तो नट आहे याची खात्री झालेली नाही, अशा धर्तीचं वाक्य तिथे सापडलं तर ते तुमच्या 'क' दर्जाचं कारण म्हणून उतरवून घ्या.

काळाचे कागद हवेत तर मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी आणि तिचं शोधयंत्र लँटर्न. 'व्हरायटी', 'फिल्म डेली', 'मोशन पिक्चर हेरल्ड' यांचे जुने अंक पानापानाने वाचता येतात. शोधताना पूर्ण नाव अवतरणचिन्हांत घाला आणि सालाची मर्यादा दोन-तीन वर्षांचीच ठेवा, कारण 'लेन' म्हणजे गल्लीही, आणि त्या काळात रोझमेरी, लोला, प्रिसिला अशा लेन भगिनीही जोरात होत्या. नुसतं आडनाव टाकलंत तर दुपार त्यांच्यातच जाईल. त्यापेक्षा चित्रपटाचं नाव टाकून परीक्षण काढा आणि त्यातली पात्रयादी वाचा. 'व्हरायटी'च्या परीक्षणांत पात्रयादी असायची, आणि ती पडद्यावरच्यापेक्षा कधी दोन नावं जास्त देते.

स्टुडिओंची प्रेसबुकं हा वेगळाच प्रकार. आपल्याकडे जुन्या चित्रपटांची गाण्यांची पुस्तिका मिळायची, तिचा हा थोरला भाऊ: थिएटरवाल्यांसाठी छापलेली जाहिराती, मजकूर आणि पात्रयादीची चोपडी. पण ती बहुतेकदा अंतिम कापाकापी होण्याआधी छापायला गेलेली असे. संकलनात दृश्य उडालं तरी नटाचं नाव चोपडीत राहायचं. उलट, शेवटच्या आठवड्यात एका दिवसासाठी बोलावलेला माणूस चोपडीत येतच नसे, आणि लेनसारखी मंडळी नेमकी अशाच एका दिवसाची असायची. म्हणून प्रेसबुकात नाव आहे एवढ्यावर 'ब' देऊ नका; दुसरा कागद जोडा.

पटकथेच्या बाबतीत दोन गोष्टींत गल्लत होते. शूटिंग स्क्रिप्ट चित्रीकरणाआधीची; तिच्यात कारकुनाला चार वाक्यं असतील, पडद्यावर शून्य. कटिंग कंटिन्युइटी ही तयार चित्रपट समोर ठेवून लिहिलेली असते, शॉट आणि फुटांच्या हिशेबासकट. दुसरी मिळाली तर पहिलीकडे पाहूही नका. फुटांवरून वेळ काढणं सोपं आहे: ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट. रिळातला ६३०वा फूट म्हणजे सातवं मिनिट. फक्त दर रिळाला फुटांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते हे विसरू नका. हजार फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटांचं, आणि १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दोन हजार फुटांची रिळं रूढ झाली. कोणतं रीळ होतं ते न पाहता गुणाकार केला तर दृश्य चित्रपटाच्या भलत्याच भागात शोधत बसाल.

खोलात जायचं असेल तर स्टुडिओंची आणि दिग्दर्शकांची दप्तरं कुठे आहेत ते माहीत हवं. वॉर्नर ब्रदर्सची सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात, आरकेओची कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत, कॅप्राची वेस्लियन विद्यापीठात, आणि ऑस्कर देणाऱ्या अकादमीची मार्गारेट हेरिक लायब्ररी बेव्हर्ली हिल्सला. रोजच्या निर्मिती-अहवालात त्या दिवशी कोण कामाला होतं हे असतं. तो माणूस चित्रपटात उरला की नाही हे त्यात नसतं. हेरिक लायब्ररीत 'अकादमी प्लेयर्स डिरेक्टरी'चे जुने खंड आहेत, १९३७पासूनचे. त्यात नटाचा त्या वर्षीचा फोटो असतो. ओळख पटवायला पडद्यावरच्या अंधुक चेहऱ्याशेजारी ठेवण्यासारखी दुसरी चांगली वस्तू नाही.

चेहरा शिकण्याची पद्धत

पहिल्याच दिवशी १९३१च्या चित्रपटातला हॉटेल-कारकून ओळखायला जाऊ नका. आधी मोठी, निर्विवाद दृश्यं पाहून डोळा आणि कान बसवून घ्या.

दोन दृश्यं पुरेशी आहेत, आणि ती एकापाठोपाठ पाहायची. पहिलं १९३८च्या 'यू कान्ट टेक इट विथ यू'मधलं: लेन हा हेंडरसन नावाचा प्राप्तिकर खात्याचा माणूस, आणि समोर कर न भरलेला आजोबा, लायनेल बॅरिमोर, कुबड्यांवर. दुसरं 'इट्स अ वंडरफुल लाइफ'मधलं: समोर पुन्हा बॅरिमोर, आता चाकाच्या खुर्चीत, आणि आता खलनायक. दोन्हींचा दिग्दर्शक कॅप्राच. दोन्ही वेळा पैशांची बोलणी, दोन्ही वेळा लेन कागद घेऊन आलेला. मध्ये आठ वर्षं गेली, लेन ३३चा ४१ झाला. तोच नट, तोच समोरचा माणूस, त्याच जातीचं काम: वयाने काय बदललं आणि काय नाही हे इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसणार नाही.

दुसऱ्या दृश्याकडे जरा थांबून पाहा. वसुलीवाला सांगतो की पंधरा वर्षांपूर्वी तिथे इकडेतिकडे विखुरलेली अर्धा डझन घरं होती, जुनं कब्रस्तान, खारी, फुलं. 'मी स्वतः तिथे ससे मारायला जायचो,' असंही म्हणतो. मग आता काय झालंय ते. शेवटी मालकालाच सुनावतो की एक दिवस हाच मी जॉर्ज बेलीकडे नोकरी मागायला जाईन. पॉटरच्या पगारावर असलेला दुसरा कुणी त्याच्याशी असं बोलत नाही. आवाज नाकातून, कोरडा, वाक्याची शेवटची अक्षरं दातांनी तोडल्यासारखी. ससे म्हणताना जो सूर, तोच घरांच्या किमतीचा. ओठांचे कोपरे खाली, मान किंचित पुढे. हे दृश्य चित्र झाकून पाच वेळा नुसतं ऐका. पुढची निम्मी ओळख कानांनी होणार आहे, कारण लेन अनेकदा गर्दीत पाठमोरा असतो आणि एकच वाक्य टाकतो.

आता फसवणाऱ्या खुणा. चष्मा पहिली. लेन आणि चष्मा ही जोडी डोक्यात बसते आणि मग प्रत्येक चष्मेवाला आंबट चेहरा लेन वाटतो. चष्मा ही वस्तू आहे. स्टुडिओच्या पेटीतून ती कुणालाही मिळते. हॉल्टन १८७६चा, म्हणजे लेनपेक्षा २९ वर्षांनी मोठा. १९३०च्या दशकातल्या चित्रपटात कारकून साठीचा दिसत असेल तर तो लेन असूच शकत नाही. बायरन फोल्जरही कारकुनाच्याच जातीचा, पण त्याचा कारकून घाबरतो, लेनचा घाबरवतो. शंका आली तर कान पाहा, म्हणजे शब्दशः कानाची पाळी आणि वरची वळी, मग नाकाचा बाजूने दिसणारा आकार. केशभूषा, मिशी, टोपी यांवर एकही ओळ 'अ' करू नका.

व्हीएलसी प्लेयरमध्ये 'ई' कळ दाबली की चित्र एकेक चौकट पुढे सरकतं, आणि विंडोजवर शिफ्ट आणि 'एस' दाबलं की चौकट फोटो म्हणून साठते. प्रत्येक भूमिकेचे तीन फोटो घ्या: समोरून, बाजूने, आणि सगळी खोली दिसेल असा लांबून. फाइलच्या नावात चित्रपट, साल आणि वेळ. लांबचा फोटो फालतू वाटतो, पण दुसऱ्या कुणाला पडताळायचं असेल तर दृश्य सापडतं त्यावरूनच. नंतर रंग चढवलेली प्रत टाळा. चेहऱ्यावर रंगाचा थर बसला की कानाच्या वळ्या आणि सुरकुत्या सपाट होतात.

सगळा चित्रपट पाहायलाच हवा का? २५० चित्रपट गुणिले ९० मिनिटं म्हणजे ३७५ तास, रोज दोन तास दिले तरी सहा महिन्यांच्या वर. लेनच्या बाबतीत एक आडवाट आहे. त्याची माणसं खिडकीमागे, गल्ल्यामागे, न्यायालयात, वर्तमानपत्राच्या कचेरीत किंवा दारात कागद घेऊन उभी असतात. दुप्पट वेगाने चालवा आणि टेबल दिसलं की मूळ वेगावर या. पण चित्रपट शेवटपर्यंत न्या, एकदा दिसला म्हणून थांबू नका. वार्ताहर पुढच्या पत्रकार परिषदेत परत येतो. 'मिस्टर स्मिथ गोज टु वॉशिंग्टन'मधला त्याचा नोझी वार्ताहरांच्या घोळक्यात आहे, आणि घोळक्यातल्या माणसाची वेळ एका ठिकाणची लिहून भागत नाही. 'फॉर्टी-सेकंड स्ट्रीट'मध्ये मात्र उलटं: तिथे तो 'प्रिटी लेडी' या नाटकाचा लेखक आहे, खिडकी नाही, टेबल नाही, आणि श्रेयनामावलीत नावही नाही. आडवाटेने गेलेले इथे हमखास चुकतात.

पुनर्निर्मितीबद्दल एक सावधगिरी. कॅप्राने स्वतःच्या १९३४च्या 'ब्रॉडवे बिल'वरून १९५०मध्ये 'रायडिंग हाय' केला आणि त्यात जुन्या चित्रपटाचे तुकडे वापरले. लेन दोन्हींत आहे. अशा जोडीत दिसलेला चेहरा नव्या चित्रीकरणातला की सोळा वर्षं जुन्या फिल्मचा, हे वयावरून आणि फिल्मच्या दाण्यावरून ठरवल्याशिवाय ओळ बंद करू नका.

वेळ का जुळत नाही

भारतात विकल्या गेलेल्या बऱ्याच डीव्हीडी पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा, पाल सेकंदाला २५ चौकटी दाखवतं, आणि सोपा उपाय म्हणून अख्खा चित्रपटच चार टक्के वेगाने पळवतात. मूळ प्रतीत ६० मिनिटांवर असलेलं दृश्य पालवर ५७ मिनिटं ३६ सेकंदांवर येतं. १३० मिनिटांचा चित्रपट १२५ मिनिटांत संपतो. म्हणून प्रतीचा रकाना. पालवरची वेळ मूळ वेळेत आणायची तर २५ने गुणून २४ने भागा.

याचा दुसरा परिणाम कानाला बसतो. आवाजाची पट्टी दुरुस्त केलेली नसेल तर प्रत्येकाचा आवाज अर्ध्या सुराहून थोडा कमी, पण जाणवेल इतका चढतो. लेनचा मुळातच नाकातला आवाज आणखी टोकदार होतो आणि दुसऱ्याच कुणाचा वाटतो. आवाजावरून शंका घेण्याआधी प्रत कोणती ते पाहा.

'इट्स अ वंडरफुल लाइफ'च्या प्रतींचा सुळसुळाट का आहे, तेही इथेच. १९७४मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण झालं नाही आणि दूरचित्रवाणी केंद्रांनी तो हवा तसा दाखवला, हव्या त्या प्रतीवरून. अशा प्रतींत कुठे मिनिटभर कमी, कुठे रीळ बदलताना शॉट तुटलेला. वेळ नोंदवायला नीट दुरुस्त केलेली प्रतच घ्या. अशा पुनःप्रक्षेपणाचे पैसे लेनसारख्यांना मिळत नव्हते: नटांच्या संघटनेने १९६०च्या संपात टीव्हीवरच्या चित्रपटांचं मानधन मिळवलं ते १९६०पासूनच्या चित्रपटांसाठी, जुन्यांच्या बदल्यात निवृत्तिवेतन आणि आरोग्य योजनेसाठी एकरकमी पैसे आले. १९३३मध्ये ती संघटना उभी राहिली तेव्हाच्या अगदी सुरुवातीच्या सभासदांत लेन होता, आणि त्याची जुनी कामं त्या रेषेच्या अलीकडेच राहिली.

मालिका

इथे एक ओळ एक भाग हा नियम कडक पाळा. 'आय लव्ह ल्यूसी'च्या १९ जानेवारी १९५३च्या भागात प्रसूतिगृहाच्या प्रतीक्षाकक्षात ल्यूसीचा नवरा रिकी याच्याबरोबर बसलेला, घरी मुलींची रांग असलेला मिस्टर स्टॅन्ली म्हणजे लेन. १९६२ला सुरू झालेल्या 'द ल्यूसी शो'च्या पहिल्या वर्षी तो बार्न्सडाल नावाचा बँकवाला आहे. दुसऱ्या वर्षीपासून बँकेत गेल गॉर्डनचा मूनी येतो. 'पेटिकोट जंक्शन'मध्ये तो होमर बेडलो, कॅननबॉल गाडी बंद पाडायला टपलेला रेल्वेचा अधिकारी. 'बिविच्ड'मध्ये तो वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी माणसं आहे, तेव्हा मालिकेचं नाव आणि पुढे 'अनेक भूमिका' असं लिहिणं म्हणजे काम न केल्यासारखं आहे.

पुनःप्रक्षेपणाच्या प्रतींवर विश्वास ठेवू नका. अर्ध्या तासाच्या जुन्या विनोदी मालिकेचा भाग मुळात पंचवीसेक मिनिटांचा असे. जाहिरातींना जागा करायला नंतर त्यातली दोन-तीन मिनिटं कापली. कापताना नायिका कुणी कापत नाही, खिडकीमागचा माणूस कापतात. भाग २२ मिनिटांत संपला आणि लेन दिसला नाही, तर 'नाही' लिहू नका, 'कापलेली प्रत' लिहा.

मोजणी सर्वांत शेवटी

लेनचे चित्रपट किती, याला कुठे २५०हून अधिक तर कुठे ३५०च्या पुढे असं उत्तर मिळतं. दोन्ही एकाच माणसाबद्दल आहेत. फरक मोजण्याच्या रीतीचा आहे. मालिका एक धरली की तिचे भाग, लघुपट धरले की नाही, टीव्हीसाठीचे चित्रपट कोणत्या बाजूला, यावर आकडा शंभराने हलतो. म्हणून एक आकडा छापूच नका. चार छापा: कथाचित्रपट, लघुपट, टीव्हीचित्रपट, मालिकांचे भाग, आणि प्रत्येकापुढे 'अ', 'ब', 'क' किती. १९३३ या एकाच वर्षात त्याने २३ चित्रपट केले असं सर्रास लिहिलं जातं. तो आकडा तुमच्या तक्त्यात उतरवायचा नसतो, तपासायचा असतो: त्या सालची प्रत्येक ओळ 'अ' किंवा 'ब' झाली की जे उरेल ते लिहा, मग ते २३ असो वा १७.

शेवटच्या ओळींसाठी 'चेहरा की आवाज' असा छोटा तेरावा रकाना लागतो. १९७०च्या 'द अ‍ॅरिस्टोकॅट्स'मधला म्हातारा वकील जॉर्ज ओतकूर फक्त लेनच्या आवाजात आहे. १९८५च्या 'मर्फीज रोमान्स'मध्ये तो पुन्हा दिसतो, १९९५मध्ये एका टीव्हीचित्रपटात. २००६च्या 'द नाइट बिफोर ख्रिसमस' या लघुपटाला निवेदन त्याचं आहे, वय १०१. ती ओळ लघुपटांच्या मोजणीत, शेऱ्यात 'फक्त आवाज'. दर्जा देण्याआधी पॉटरसमोरचं ते सशांचं वाक्य एकदा परत ऐका आणि दोन्ही आवाज लागोपाठ लावून पाहा.